‘जरा नजर टाक’ म्हणणाऱ्यांना काय सांगायचं?

पत्राचा सारांश: वय ४५, राहणार देवगड तालुका. एका दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात १९ वर्षं काम केलं, आधी तालुका वार्ताहर म्हणून, मग उपसंपादक म्हणून. गेल्या वर्षी डेस्क मुख्य कार्यालयात हलवलं आणि आम्हाला घरी बसवलं. यजमानांची हापूसची कलमं आहेत, पण ते उत्पन्न वर्षातून एकदाच आणि तेही हवामानाच्या मर्जीवर. मुलगी अकरावीत. घराला माझ्याकडून महिना ३०,००० रुपये तरी हवेत. घरी बसून लेखन-संपादन करावं असं मनात आहे. पण मला बातमीखेरीज काही लिहिता येत नाही, पुण्या-मुंबईत कुणी ओळखत नाही. माझी ओळख पेपरमुळेच होती हे आता कळतंय, कारण फोन वाजायचा थांबलाय. येतात ती फुकटची कामं. गावातल्या निवृत्त मुख्याध्यापकांनी त्यांच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचं ३०० पानांचं हस्तलिखित ‘जरा नजर टाक’ म्हणून दिलंय. ४० पानं झाली, पैशांचा विषय निघालेला नाही. चुलत दीर म्हणतात, न्यूज पोर्टल काढ. एका स्थानिक पुढाऱ्याने प्रसिद्धीचं काम देऊ केलंय. या वयात मुंबईला जाऊ, की हा नाद सोडून देऊ?

ताई, आधी फोनबद्दल बोलू या, कारण तुमच्या पत्रात खरी कळ तिथे आहे. माझी ओळख पेपरची होती, असं तुम्ही म्हणता. ते निम्मं खरं आहे आणि त्याचं वाईट वाटणं साहजिक आहे. बातमी लावा, फोटो मोठा घ्या, पहिल्या पानावर बघा काही जमतं का, असं सांगायला जे फोन यायचे ते तुमच्या खुर्चीला होते. ते आता येणार नाहीत. पण १९ वर्षांत दुसऱ्या प्रकारचेही फोन आले असतील. शाळेचा अहवाल लिहायचाय, सुरुवात कशी करू? मंडळाच्या स्मरणिकेत अध्यक्षांचं मनोगत आलंय, ते जरा नीट करून द्याल का? ते फोन तुम्हाला होते. एक वही घ्या आणि अशी जेवढी माणसं आठवतील तेवढ्यांची नावं लिहा. शिक्षक, ग्रंथपाल, पतसंस्थेचे सचिव, देवस्थानचे विश्वस्त, कॉलेजातले प्राध्यापक. ती यादी तुमच्या अपेक्षेपेक्षा मोठी निघेल. पहिली पैशांची कामं त्याच यादीतून येतील.

‘बातमीखेरीज काही लिहिता येत नाही’ हे मात्र मला मुळीच पटलेलं नाही. डेस्कवरची एखादी संध्याकाळ आठवा. सहा तालुक्यांतून सहा वार्ताहरांचा मजकूर आलाय. एकात सरपंचांचं नाव दोन प्रकारे लिहिलंय, दुसऱ्यात अपघात कुठे झाला तेच नाही, तिसऱ्यात भाषण सुरुवातीपासून शेवटपर्यंत जसंच्या तसं. तुम्ही फोन लावला, नाव पक्कं केलं, गाव शोधलं, ६०० शब्दांचे १८० केले, मथळा दिला आणि पान वेळेवर सोडलं. याला संपादन म्हणतात. वाचकाला ते कधी दिसलं नाही, त्यावर तुमचं नाव आलं नाही, म्हणून तुम्हीही ते कामात धरत नाही आहात. नावानिशी छापून आलेले लेख तेवढे ‘माझं लेखन’ असं तुम्ही मोजताय आणि ते थोडे भरतात म्हणून घाबरताय.

माझा सल्ला सरळ आहे: संपादन हा मुख्य धंदा करा आणि लेखन त्याच्या आधाराने चालू द्या. स्वतंत्र लेखांवर घर चालवणं मराठीत फार थोड्यांना जमतं. लेखाचं मानधन किती आणि कधी, हे आपल्याकडे छापणारा ठरवतो. उलट दुसऱ्याचा मजकूर छापण्याजोगा करून देणं ही गरज शाळेपासून विद्यापीठापर्यंत सगळ्यांना आहे आणि ते काम भरवशाने करणारी माणसं कमी आहेत.

तुमच्याच तालुक्यातलं उदाहरण देते. बाळशास्त्री जांभेकर पोंभुर्ल्याचे. ६ जानेवारी १८३२ ला त्यांचं ‘दर्पण’ हे पहिलं मराठी वर्तमानपत्र निघालं म्हणून आपण पत्रकार दिन पाळतो, पण ते पत्र १८४० मध्ये बंद पडलं हे कुणाच्या फारसं लक्षात नसतं. त्यांच्या नावावर मासिक आहे, शाळेची क्रमिक पुस्तकं आहेत, ज्ञानेश्वरीची १८४५ सालची शिळाछापाची प्रत आहे. वर्तमानपत्र, भाषांतर, पाठ्यपुस्तक आणि ग्रंथसंपादन ही एकाच माणसाची कामं असू शकतात, अशी मराठी पत्रकारितेची सुरुवातच आहे. मधल्या काळात पगार एका खात्यातून येऊ लागला आणि आपण स्वतःला एकाच कामाचे समजायला लागलो.

एक सवय मात्र सोडावी लागेल. डेस्कवर कुणाचाही मजकूर आला तरी तो पेपरच्या एका सुरात बाहेर पडायचा. पुस्तकात लेखकाचा सूर राहिला पाहिजे. बागायतदार आजोबा लांबलचक वाक्यं बोलत असतील तर ती थोडी लांब राहू द्यायची. कथेतलं पात्र ‘माका काय ठाऊक’ म्हणत असेल तर तिथे प्रमाण मराठी आणायची नाही. फक्त पान १२ वर ‘माका’ आणि पान ९० वर ‘मका’ होत नाही ना, एवढं बघायचं. मालवणी बोली जाणणारा संपादक पुण्यातल्या प्रकाशकाला सहज सापडत नाही. तुम्ही ती बोलत मोठ्या झालात. कामासाठी पत्र लिहाल तेव्हा ही गोष्ट पहिल्या परिच्छेदात घाला.

आता गुरुजींच्या कुलवृत्तांताकडे येते, कारण माझ्या मते तुमच्या नव्या कामाची सगळी परीक्षा त्या हस्तलिखितात आहे. अशा मजकुरात हमखास भेटणारं एक वाक्य बघा:

‘सदर घराण्याचे मूळ पुरुष सुमारे दोनशे ते तीनशे वर्षांपूर्वी सिंधुदुर्ग जिल्ह्यात येऊन स्थायिक झाले असावेत व त्यांना खोतीची सनद मिळाली, ती १९६० पर्यंत चालू होती.’

मुद्रितशोधक, म्हणजे प्रूफं तपासणारा, या वाक्यात ऱ्हस्व-दीर्घ बघेल, काही चूक दिसणार नाही आणि तो पुढे जाईल. तुम्ही थांबाल. दोनशे की तीनशे? मधल्या शंभर वर्षांत पेशवाई जाऊन इंग्रज आले. ‘असावेत’ हा तर्क आहे आणि ‘मिळाली’ हे ठाम विधान, मग सनद कुणी पाहिली आहे का? कुणी दिली, कागद कुठे आहे? खोती, म्हणजे गावाचा सारा वसूल करण्याचा वंशपरंपरेचा हक्क, १९४९ च्या कायद्याने संपवली, तर १९६० हे साल कुठून आलं? कुळकायद्याशी गल्लत झाली आहे का? आणि सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ ला झाला. त्याआधी हा सगळा रत्नागिरी जिल्हा. म्हणजे ‘आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यात’ असं तरी लिहायला हवं. एका वाक्यात पाच प्रश्न. हे प्रश्न दिसायला जिल्ह्याच्या डेस्कवर वर्षं काढावी लागतात. तुमची ती काढून झाली आहेत.

पर्यटनाच्या मजकुराचंही तसंच. कोकणातली कातळशिल्पं, म्हणजे सड्यावरच्या खडकात कोरलेली प्राचीन चित्रं, २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली आणि विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे किल्ले २०२५ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. या दोन याद्या वेगळ्या आहेत. होमस्टेच्या पत्रकांपासून संस्थांच्या माहितीपुस्तिकांपर्यंत त्यांची सरमिसळ होते आणि एकाची चूक दुसरा उचलतो. ती तुम्ही थांबवू शकता आणि ते काम पैसे घेऊन करण्याचं आहे.

गुरुजींना तुम्ही पैशांचं विचारू शकत नाही, कारण ते गुरुजी आहेत. ही अडचण मला समजते. गावात उद्या त्यांच्या ओटीवर बसायचंय, मुलीला त्यांचा आशीर्वाद हवाय. पण थोडं थांबून विचार करा: पैसे गुरुजींनी द्यायचे आहेत का? कुलवृत्तांत सहसा कुलमंडळाच्या वर्गणीतून निघतो. मुंबई, ठाणे, पुणे, परदेश, कुठे कुठे विखुरलेली भावकी त्यात पैसे घालते. छपाईचा, कागदाचा, बांधणीचा खर्च समितीच्या हिशेबात असतो. संपादनाचा रकाना नसतो, कारण तो असतो हे कुणी त्यांना सांगितलेलंच नाही. गुरुजींना बहुधा कल्पनाही नाही की या कामाला महिने लागतात.

किती मागायचे, ते दुसरा काय घेतो यावरून ठरवू नका. घरातून सुरुवात करा. घराला ३०,००० हवेत. नेट, वीज, आरोग्य विमा, प्रिंटर, अडीअडचण यांचे ५,००० धरा. महिन्याचे २५ दिवस, दिवसाचे सहा तास म्हणजे १५० तास, पण फोन, पत्रव्यवहार, नवी कामं शोधणं, बिलं आणि बत्ती गुल यांत त्यातले ५० तास सहज जातात. उरले १००. म्हणजे तासाला ३५० रुपये मिळाले तर घर चालतं. आता घड्याळ लावून गुरुजींची चार पानं करा. प्रश्न काढत, वंशावळीशी ताडून पाहत तासाला दोन पानं होत असतील तर उरलेल्या २६० पानांना १३० तास, म्हणजे ४५,५०० रुपये. नुसतं शुद्धलेखन आणि वाक्यरचना करून तासाला सहा पानं होत असतील तर साधारण १५,०००. हे दोन आकडे म्हणजे दोन वेगळी कामं आहेत आणि समोरच्याला ती वेगळी करून दाखवली की घासाघीसही कमी होते. त्याला निवडायला काहीतरी मिळतं.

मग गुरुजींना असं काहीतरी लिहा आणि कागदावर लिहून हातात द्या, व्हॉट्सॲपवर नको:

‘गुरुजी, सादर नमस्कार. पहिली ४० पानं वाचून झाली. भाषेच्या दुरुस्त्या पेन्सिलीने केल्या आहेत. शिवाय जिथे साल, नाव किंवा आधार तपासायला हवा अशा जागांची यादी सोबत जोडली आहे. ही ४० पानं माझ्याकडून. पुढच्या २६० पानांचं काम दोन प्रकारे करता येईल. फक्त शुद्धलेखन आणि वाक्यरचना: १५,००० रुपये, एक महिना. किंवा माहितीची पडताळणी, वंशावळीशी मेळ, प्रकरणांची मांडणी आणि छपाईपूर्वी एक मुद्रितवाचन: ४५,००० रुपये, चार महिने. दोन्हींत निम्मी रक्कम आधी. आपण समितीपुढे ठेवून कळवावं. हस्तलिखित माझ्याकडे सुरक्षित आहे.’

त्या यादीकडे दुर्लक्ष करू नका. ती नीट केलीत तर समितीतला एखादा हिशेबी माणूसही म्हणेल की हे काम आपल्याला जमणारं नाही, बाईंनाच द्या. समिती नाही म्हणाली तर हस्तलिखित आणि यादी गुरुजींना परत द्या, चहा घ्या आणि घरी या. त्यांना थोडं लागेल कदाचित. तरीही उरलेली २६० पानं मनात कुढत फुकट करण्यापेक्षा हे नातं जास्त टिकेल असं मला मनापासून वाटतं. फुकट काम करायचंच असेल तर ते आधी ठरवून, वर्षाला एक, तुमच्या आवडीचं. गावच्या शाळेची स्मरणिका घ्या. इतरांना मग सांगता येतं की या वर्षीचं माझं तसं काम झालंय.

मुंबईला जाण्याचा विचार मी तुमच्या जागी केला नसता. संहिता मेलवर येते, प्रूफं पीडीएफमध्ये येतात. प्रकाशकाला तुम्ही गिरगावात राहता की गिर्ये-विजयदुर्गात, याने फरक पडत नाही. मुंबईतलं भाडं भरायला लागलात की ३०,००० चे ६०,००० हवे होतील. आणि ज्यांच्याकडे काम आहे अशी पुष्कळ माणसं वर्षातून दोनदा तुमच्या दारात येतात, गणपतीला आणि शिमग्याला. मुंबईस्थित ग्रामस्थ मंडळांच्या बैठका, देवस्थानांच्या जीर्णोद्धाराच्या स्मरणिका, शाळांचे अमृतमहोत्सव, निवृत्त चाकरमान्यांची ‘आठवणी लिहून काढायच्यात’ ही इच्छा, सगळं त्या दिवसांत बोललं जातं. या शेवटच्याला आपल्याकडे शब्दांकन म्हणतात. मुलाखत घेऊन दुसऱ्याचं आयुष्य त्याच्या आवाजात लिहिणं हे वार्ताहराइतकं कुणाला जमतं? गणपतीच्या आधी एका पानाचं साधं पत्रक छापून ठेवा. नाव, १९ वर्षांचा अनुभव, कोणती कामं करता, फोन. त्यावर दर छापू नका.

प्रकाशकांना लिहिताना ‘काही काम असल्यास कळवावे’ असं लिहू नका. तशा पत्रांना उत्तर येत नाही. संपादनाची दोन पानं जोडा, डावीकडे मूळ, उजवीकडे तुमचं, खाली तुमचे प्रश्न. मूळ मजकूर तुमचा स्वतःचाच एखादा जुना कच्चा लेख असू द्या, म्हणजे कुणाच्या परवानगीचा प्रश्न येत नाही. खरं सांगायचं तर मराठी पुस्तकांच्या मुद्रितशोधनाचे दर मी वर मांडलेल्या हिशेबाच्या खूप खाली आहेत. त्या एकट्यावर तुमचं घर चालणार नाही. प्रकाशकाचं काम नावासाठी आणि सरावासाठी थोडं ठेवा. पैसा संस्थांच्या अहवालांत, शब्दांकनात, इंग्रजीतून मराठीत येणाऱ्या शेती-आरोग्य-बँकेच्या माहितीसाहित्यात आणि प्रबंधांच्या भाषिक संपादनात आहे. दापोलीचं कृषी विद्यापीठ, जिल्ह्यातली महाविद्यालयं, स्वयंसेवी संस्था, या सगळ्यांना मराठी मजकूर लागतो. आंब्या-कोकमाच्या प्रक्रिया उद्योगांना वेष्टनावरचा मजकूर लागतो. पण त्यांच्याकडे जानेवारीत जा. मार्च उजाडला की बागायतदाराला मान वर करायला वेळ नसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

कामाचा हंगाम वहीत आखून ठेवा. दिवाळी अंकांची प्रूफं पावसाळ्यात येतात. पतसंस्था आणि सोसायट्यांच्या वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत व्हायच्या असतात, म्हणजे त्यांचे अहवालही ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच. त्यातच गणपती. आणि नेमक्या त्याच महिन्यांत आपल्याकडे पाऊस, वारा आणि गेलेली वीज. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते वादळ आलं तेव्हा किती दिवस अंधारात काढले ते देवगडकर विसरलेले नाहीत. म्हणून इन्व्हर्टर आणि दोन वेगळ्या कंपन्यांची सिमकार्डं ही चैन समजू नका. शब्द दिलेल्या तारखेच्या चार दिवस आधीची तारीख स्वतःसाठी लावा आणि रोजचं काम संध्याकाळी मेलवर टाकून ठेवा.

एक तांत्रिक गोष्ट डेस्कवरून आलेल्या बहुतेकांना नडते. तिकडे हात श्रीलिपी या जुन्या फाँटवर बसलेला असतो, बाहेर सगळं युनिकोड, म्हणजे कुठल्याही संगणकावर तसंच दिसणारं टंकन आहे. त्यासाठी इनस्क्रिप्ट कळफलक शिकून घ्या. पहिले पंधरा दिवस चिडचिड होईल, मग बोटं आपोआप पळतील. जुने लेख परिवर्तकातून युनिकोडमध्ये आणाल तेव्हा आंधळेपणाने विश्वास टाकू नका. ‘दुसऱ्या’, ‘किनाऱ्यावर’ अशा शब्दांतला अर्धा र, रफार आणि क्वचितची जोडाक्षरं तिथे मोडतात आणि ‘किनार्यावर’ असं काहीतरी उरतं. एकदा शोधून बदलायची यादी करून ठेवलीत की ती कायम उपयोगी पडते. वर्डमध्ये बदल दाखवत संपादन करायची सोय असते, ती आलीच पाहिजे. लेखकाला आपण काय बदललं ते दिसण्याचा हक्क आहे.

यंत्राने केलेलं भाषांतर ‘जरा सुधारून द्या’ म्हणून येण्याचं प्रमाण वाढतंय, तेव्हा त्याबद्दल सावध करते. ‘हा समुद्रकिनारा ऑलिव्ह रिडले कासवांचे घर आहे’ असं वाक्य येतं. व्याकरण बिनचूक, पण असं आपण बोलत नाही आणि ते खरंही नाही. कासवं किनाऱ्यावर राहत नाहीत, माद्या अंडी घालायला येतात. पानभर असंच असेल तर ते काम सुधारणेचं उरत नाही, नव्याने भाषांतर करायचं असतं. आधी दोन पानं मागवा, करून बघा, किती वेळ लागला ते मोजा, मगच दर सांगा. दर परवडत नसेल तर नम्रपणे नकार द्या. हे काम स्वस्तात अंगावर घेतलं की महिना खाऊन टाकतं.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. छोट्या उद्योगांची उद्यम नोंदणी करा, ती सरकारी पोर्टलवर मोफत होते, एजंटाला पैसे देऊ नका. सूक्ष्म उद्योग म्हणून नोंद असली की २००६ च्या कायद्याप्रमाणे काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे देणं समोरच्यावर बंधनकारक होतं, नाहीतर व्याज लागतं. प्रत्यक्षात भांडायची वेळ क्वचित येते, पण बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की हिशेबनीस तुमचं बिल तळाशी ढकलत नाही. एका संस्थेकडून वर्षात ५०,००० रुपयांवर व्यावसायिक शुल्क गेलं की साधारणपणे १० टक्के कर कापून येतो. विवरणपत्र भरा, जास्त कापलेला परत मिळतो. जीएसटी नोंदणीचा प्रश्न वर्षाला २० लाखांच्या पुढे येतो, तो आत्ता डोक्यातून काढून टाका. आणि त्यासाठी लागणारी किमान १० वर्षांची सेवा तुमची केव्हाच झाली आहे, तेव्हा पीएफमधल्या पेन्शनचा हक्क तुम्हाला आहे. ५८ व्या वर्षी ती सुरू होते. खात्यातली नोंद आणि नावातलं स्पेलिंग आत्ताच तपासा, तेव्हा धावपळ नको. आरोग्य विम्याला मात्र एक दिवसही खंड पडू देऊ नका.

तुमच्या जुन्या लेखांबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण मी सांगते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत असताना पेपरसाठी लिहिलेला मजकूर वृत्तपत्र-नियतकालिकात छापण्याचा हक्क मालकाचा असतो. पुस्तकासारख्या इतर बाबतीत पहिला हक्क लेखकाचाच राहतो, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. नेमणूकपत्र काढून वाचा. पुरवणीतल्या सदराचे लेख पुस्तक होण्याजोगे असतील तर ते तुमचे आहेत. आणि पुढे कुणीही ‘सर्व हक्क आमच्याकडे’ म्हणून सही मागितली तर मुदत किती, ते लिहून घ्या. मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो.

पोर्टल काढू नका. दीरांचा हेतू चांगला आहे, पण पोर्टल चालवणं म्हणजे जाहिराती गोळा करणं. जिल्ह्यात जाहिरात देणारे तेच असतात ज्यांच्याबद्दल बातमी लिहायची असते. तुम्हाला त्याची हौस असती तर पत्रात दिसली असती. पुढाऱ्याच्या कामाबद्दल मी इतकी ठाम नाही. भाषणं, प्रसिद्धीपत्रकं लिहून देणं हा प्रामाणिक व्यवसाय आहे, उघडपणे केला तर. पण मग कुठल्याही पेपरला त्या तालुक्याची राजकीय बातमी पाठवायची नाही, आणि पैसे महिन्याच्या महिन्याला बँकेत, निवडणूक झाल्यावर बघू असं नाही. शिवाय हेही बघा की उद्या दुसऱ्या पक्षाच्या माणसाच्या शाळेची स्मरणिका तुमच्याकडे येईल का. छोट्या जिल्ह्यात हा तोटा मिळालेल्या पैशांपेक्षा मोठा असू शकतो. मला वाटतं निदान पहिलं वर्ष तरी नको.

आणि वयाचं म्हणाल तर संपादनात ४५ हे वय आड येत नाही. आड येते ती हातातली पुंजी. सहा महिन्यांचा घरखर्च वेगळा काढता येतो का, ते यजमानांसोबत बसून बघा. या वर्षीच्या आंब्याच्या पैशातून, पेपरकडून मिळालेल्या रकमेतून. तो असेल तर आजपासून पूर्णवेळ सुरू करा. नसेल तर महाविद्यालयात किंवा पतसंस्थेत अर्धवेळ काम बघा आणि सकाळचे चार तास संपादनाला ठेवा. दर महिन्याला वहीत तीन आकडे लिहा: किती तास काम केलं, किती बिल लावलं, किती हातात आलं. वर्षभरानेही हातात आलेली रक्कम घराच्या गरजेच्या निम्म्यावर पोचली नसेल तर पूर्णवेळाचा हट्ट सोडा आणि जोडधंदा म्हणून चालू ठेवा. पोचली असेल तर दर वाढवा, आणि पहिली वाढ जुन्या गिऱ्हाइकाला दोन महिने आधी कळवून करा.